खोकडीचं पिल्लू

गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाऊबीज झाली, जेवणं उरकली, ओसरीवर पथाऱ्या पडल्या, तसा तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ सरकला.

"अण्णा, हे बघा ना."

मी चष्मा लावला. कुठल्या तरी परदेशी घरातला कोच. त्यावर वाळूच्या रंगाचं एक इवलंसं जनावर लोळत होतं. तोंड एवढंसं आणि कान मात्र सुपाएवढे. कुणीतरी त्याचं पोट खाजवत होतं आणि ते आनंदानं किंचाळत होतं. निदान पुतण्याचं म्हणणं तसं होतं.

"फेनेक म्हणतात याला. सहारा वाळवंटातला कोल्हा. मित्राच्या ओळखीचा एक जण मागवून देतो म्हणतोय." त्यानं किंमत सांगितली. तेवढ्यात माझ्या गोठ्यात दोन दुभत्या गाई आल्या असत्या. "आई नको म्हणतीये. तुम्ही बोला ना तिच्याशी. तुम्हीपण लहानपणी कोल्हा पाळला होता ना? आजी सांगायची."

त्याची आजी म्हणजे माझी आई. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. ती नातवंडांना ही गोष्ट हसत हसत सांगायची. चुलीतून निघालेली खोकड, उशाखाली सापडलेला उंदीर. गोष्टीचा शेवट मात्र तिनं कधी कुणाला सांगितला नाही. माझ्यासाठी सांगितला नसावा.

"कोल्हा नव्हे, खोकड होती ती," मी म्हणालो. "मोबाइल ठेव बाजूला. सांगतो."

साल 1982. मी सातवीत होतो. आमची वस्ती मांडवगणाच्या वरच्या अंगाला. आमच्या गावाखाली भीमा, ती ओलांडली की दौंड तालुका सुरू. नदीकडची जमीन काळी आणि वर सरकावं तसा मुरमाड माळ. आज जिकडंतिकडं ऊस दिसतो, पण तेव्हा वस्तीच्या मागं नुसती कुसळी, तरवडाची झुडपं, मधूनच एखादा हिवर नाहीतर बोर. माळावर मेंढरं चरायची आणि दिवस मावळायच्या टायमाला बांधाबांधानं खोकडं दिसायची. मांजरापेक्षा थोडी मोठी, अंगानं सडपातळ, पाय काटकुळे, शेपूट झुपकेदार आणि शेपटीचं टोक काळं. कोल्हा ओरडला की आजी देवाचं नाव घ्यायची, पण खोकडाचं कुणाला काही वाटायचं नाही. ते आपलं उंदीर, टोळ, सरडे खायचं आणि बोरं पडली की बोरं खायचं. उलट शेतातले उंदीर खातं म्हणून तात्या त्याच्या वाटेला जात नसत. तात्या म्हणजे माझे वडील.

त्या चैत्रात तात्यांनी वरच्या पट्टीचं सपाटीकरण काढलं होतं. बैलांना केणी जुंपून माती ओढायची आणि मधला जुना बांध टिकाव-फावड्यानं फोडायचा. बांध फोडताना आतलं बीळ ढासळलं. एक खोकड बाहेर पडून वाऱ्यासारखी पळाली आणि लांब तरवडाजवळ जाऊन उभी राहिली. तात्यांनी हातानं माती बाजूला केली. आत तीन पिलं होती. दोन गुदमरून गेली होती. तिसरं हललं.

मी ते सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. महिन्या-सव्वा महिन्याचं असेल. डोळे उघडलेले, अंगावर मातकट लव, पोट गरम. छातीशी धरलं तर त्याचं काळीज माझ्या काळजापेक्षा भराभर उडत होतं.

आजी दारात निवडत बसली होती. तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आरं, जितनं आणलं तितं ठिवून ये. रातीला आय येऊन न्हील त्याला."

"ती पळून गेली आजी."

"पळंल न्हाईतर काय करंल? तुमच्या हातात टिकाव. पर रातच्याला येती का न्हाई बघ. जनावर झालं म्हनून लेकरू इसरत न्हाई ते."

मी ऐकलं नाही. कोंबड्या झाकायचं डालं होतं, त्याखाली पिल्लू ठेवलं आणि वर दगड ठेवला.

आजीचं म्हणणं खरं निघालं. त्या रात्री आम्ही अंगणात झोपलो होतो. मधल्या प्रहरी माळाच्या बाजूनं आवाज आला. तुटक, खणखणीत, एकामागून एक असा. डाल्याखालचं पिल्लू चिरकलं. वस्तीवरची कुत्री उठून धावली. थोडा वेळ शांत, की पुन्हा लांबून आवाज. आजी अंधारातच म्हणाली, "आली बघ." मी झोपेचं सोंग घेतलं आणि हात डाल्यावर ठेवला. दुसऱ्या रात्री आली, तिसऱ्या रात्रीही आली. चौथ्या रात्री काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मला वाटलं, चला, आता हे आपलं झालं.

या गोष्टीतली माझी चूक ती. पुढं जे घडलं ते त्या तीन रात्रींमुळं घडलं.

मादी होती. चिंगी नाव ठेवलं. कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजलं, आठवडाभरानं टोळ पकडून दिले, मग सरडे, उंदीर. पहिले दोन-तीन महिने लई गमतीचे गेले, ते खोटं कशाला सांगू? मी जीभ टाळ्याला लावून 'चक्क' केलं की कुठूनही पळत यायची. पायजम्याची नाडी तोंडात धरून ओढायची. मान तिरकी करून कान हलवायची तेव्हा गडीमाणसंही काम थांबवून बघत. शाळेतली पोरं वस्तीवर चिंगी बघायला यायची. तोवर मला वर्गात कुणी ओळखत नव्हतं; आता मी खोकडवाला झालो. मृगाचा पाऊस पडला आणि वारुळातून पंखवाल्या मुंग्या उडाल्या, तेव्हा ती मागच्या दोन पायांवर उड्या मारून त्या हवेतच पकडत होती. तेव्हा आमच्याकडं मोबाइल असता, तर तो व्हिडिओही असाच लाखो लोकांनी पाहिला असता.

पण व्हिडिओ मिनिटाचा. दिवसाचे उरलेले तास घरच्यांनी काढले.

एक तर ती दिवसा झोपायची आणि रात्रभर जागायची. आम्ही दिवसभर रानात राबून पडायचो आणि ही अंथरुणांवरून घोडदौड करायची. पावसाळा लागला तसं झोपणं घरात आलं, मग तर विचारू नका. दुसरं म्हणजे वास. खोकड जागोजागी मुतून आपली हद्द आखतं. गोधड्या, वैरणीच्या पेंढ्या, ज्वारीची पोती, माझं दप्तर, काही सोडलं नाही. आईनं एक गोधडी तीनदा धुतली आणि शेवटी उकिरड्यावर टाकली. मी वर्गात शिरलो की पोरं नाक धरायची. खोकडवाला म्हणायची, पण आता वेगळ्या सुरात.

तिसरं उकरणं. शेणानं सारवलेली जमीन म्हणजे तिला आयतं रान. कणगीखाली उकरलं, उखळाशेजारी उकरलं, एका रात्रीत चूलच पोखरली. आमच्या गावाजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं 1968 पासून उत्खनन करत होती. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं आणि चुली त्यांनी उकरून काढल्या होत्या. सकाळी कोसळलेली चूल बघून तात्या म्हणाले, "इनामगाववाल्यांनी तीन हजार वर्साची चूल उकरली, हिनं कालची उकरली." सगळे हसले. आई मात्र हसली नाही. त्या दिवशी तिनं भर पावसात तीन दगड मांडून भाकरी केल्या.

आणि चौथं, उरलेलं लपवून ठेवणं. खोकडाला रानात रोज मिळेलच असं नसतं, म्हणून मिळालं की ते पुरून ठेवतं. आमच्या घरात ती पुरणार कुठं? मेलेला उंदीर आजीच्या उशाखाली, सरड्याचं धड तांदळाच्या डब्यामागं. श्रावणात तिनं एका रात्रीत कोंबडीची पाच पिलं मारली. एक खाल्लं आणि चार माझ्या अंथरुणात आणून ठेवली. ती कोंबडी आईची होती. अंड्यांच्या पैशातून ती आमच्या वह्या घ्यायची.

"हे बग," आजी मला म्हणाली, "तिचं काय चुकत न्हाई. ती खोकडावानीच वागतीय. तू तिला कुत्रं समजतूस."

पोळा झाला आणि चिंगी बदलली. ती मोठी झाली होती. 'चक्क' केलं तर मान वळवून बघायची, पण यायची नाही. उचलायला गेलो तर अंग आखडून घ्यायची. घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावायची तर सोयच नव्हती. भादव्यात एका दुपारी तिनं कुठून तरी हाडूक आणलं होतं. धाकटी बहीण रांगत तिच्याकडं निघाली, म्हणून मी घाईनं ते हाडूक ओढायला गेलो. तिनं माझा अंगठा फोडला. दात आरपार गेले.

जनावर चावलं म्हणजे पिसाळ लागायची भीती. त्या काळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. तात्या मला रोज एसटीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेत. सुगीचे दिवस तोंडावर, रानात काम पडलेलं आणि माझा बाप चौदा दिवस माझ्या शेजारी बाकड्यावर बसून. ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंधराव्या दिवशी तात्यांनी लिंबाच्या झाडाला साखळी बांधली आणि साखळीचं दुसरं टोक चिंगीच्या गळ्यात अडकवलं. "लेकरू रांगतंय घरात," एवढंच म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

साखळी सात-आठ फूट असेल. चिंगी लिंबाभोवती फिरू लागली. संध्याकाळ झाली की सुरू, ते झुंजुमुंजू होईस्तोवर. एकाच दिशेनं, एकाच अंतरावरून. महिन्याभरात तिथं बैलाच्या घाण्यासारखी गोल पायवाट पडली. गळ्याची केसं झडून कातडं उघडं पडलं. आई तिथं खोबरेल लावायची. ज्या बाईची चूल तिनं मोडली, कोंबडीची पिलं मारली, ती बाई तिच्या गळ्याला तेल लावायची आणि मी, ज्यानं तिला आणलं होतं तो, लिंबाकडं जायचं टाळायचो. खरं सांगतो, मला तिचा कंटाळा आला होता. पोरांची हौस तेवढीच असते. जनावर पाच-सहा महिन्यांत मोठं होतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच मोठं राहतं.

संक्रांत जवळ आली. थंडीत खोकडांच्या जोड्या जमतात. नर-मादी जोडीनं राहतात आणि पिलांसाठी नरही खाणं आणतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळलं की चिंगी रात्री ओरडायला लागली. तोच आवाज, तुटक आणि खणखणीत, जो मी चैत्रात तीन रात्री ऐकला होता. आणि एका रात्री माळावरून उत्तर आलं.

तो नर दोन रात्री वैरणीच्या गंजीपर्यंत आला. चांदण्यात मी त्याला पाहिला. कुत्री भुंकत सुटायची, तो पळायचा, पुन्हा यायचा. चिंगी साखळीला हिसके देत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना म्हणालो, "सोडून देऊ तिला." ते म्हणाले, "मग सोड की."

मी साखळी काढली. वाटलं, सुटल्याबरोबर पळेल. ती पळाली नाही. उठली, अंग झाडलं आणि लिंबाभोवती त्याच पायवाटेनं फिरायला लागली. गळ्यात साखळी नाही, पण साखळी संपायची त्या जागेवर आली की वळायची. आजी पदर तोंडाला लावून आत गेली. मी ढेकूळ मारून हुसकावलं तेव्हा ती गोठ्याआड गेली. रात्री कधीतरी निघून गेली.

चार दिवसांनी शेजारच्या वस्तीवरच्या काकू सांगत आल्या, "तुमची खोकाड आमच्या दारात येऊन बसती भाकरीला. माणसाला भीतच न्हाई." मी आणायला गेलो तोवर उशीर झाला होता. रानातली खोकड कुत्र्याची चाहूल लागली की बिळात जाते. हिला बीळ कुठं आहे ते कुणी शिकवलं नव्हतं. माणसाच्या दारात ती बिनधास्त बसली आणि दाराला कुत्रा असतो. ओढ्याच्या काठी सापडली. तात्या फावडं घेऊन आले. जिथं बांध फोडला होता, त्या पट्टीच्या कडेला पुरली.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण अण्णा, ती रानातून धरलेली. ही फेनेक पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. ब्रीडर असतात त्यांचे."

प्रश्न वाजवी होता. मी म्हणालो, "चिंगी आईजवळ महिनाभर होती. चूल उकरायला तिला आईनं शिकवलं होतं का? जन्म कुठं झाला याला काय करायचं? उकरणं, रात्री जागणं, पुरून ठेवणं हे तिच्या पोटातच होतं. आता तुझ्याच मोबाइलवर वाच बघू त्या फेनेकविषयी. फोटो नको, नुसतं लिहिलेलं वाच."

तो वाचू लागला. वजन जेमतेम दीड किलो. कान चार ते सहा इंच. वाळवंटात अंगातली उष्णता कानावाटे बाहेर पडावी म्हणून आणि वाळूखालची किड्याची हालचाल ऐकू यावी म्हणूनही. तळपायांना केस, तापलेल्या वाळूत भाजू नये म्हणून. दिवसा बिळात, रात्री बाहेर. वाळूत लांबलचक बिळं खणतो. कुटुंबानं राहतो. माणसाजवळ चौदा वर्षांपर्यंतसुद्धा जगतो.

"तू आत्ता एकोणीस वर्षांचा," मी म्हणालो. "चौदा वर्षांनी तेहतीसचा होशील. तोवर नोकरी, लग्न, भाड्याची दोन-तीन घरं. चौथ्या मजल्यावर फरशी. तिथं ते रात्रभर फरशी उकरणार. वाळूत ऐकू यावं म्हणून मिळालेले कान, आणि खाली दिवसरात्र पुण्याचं ट्रॅफिक. आजारी पडलं तर त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर शोधत फिरणार तू."

"मग कुत्रा कसा माणसाळला? तोपण लांडगाच होता ना?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, कारण चिंगीमुळं मी आयुष्यभर असलं काही हाती लागलं की वाचत आलो. रशियात बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं 1959 साली सैबेरियात हाच प्रयोग सुरू केला. फर मिळवण्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेले कोल्हे घेतले. प्रत्येक पिढीत माणसाला सगळ्यांत कमी भिणारे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांनी पिलं शेपूट हलवू लागली, हात चाटू लागली. बेल्यायेव 1985 साली वारले, पण काम थांबलं नाही. ल्युदमिला त्रूत या बाईंनी ते पुढं कित्येक दशकं चालवलं. म्हणजे कोल्ह्याला माणसाची ओढ लावायला जाणत्या माणसांची हयात आणि हजारो कोल्हे लागले. कुत्र्याला तर त्याहून किती पिढ्या लागल्या असतील! वाटीभर दूध पाजून मी ते एका उन्हाळ्यात करायला निघालो होतो. चिंगी माझ्यावर माया करत नव्हती असं नाही. पण तिच्या मायेनं तिची रात्र, तिचं बीळ आणि तिचा जोडीदार यांची भरपाई होणार नव्हती.

सकाळी मी ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावून दिला. पुतण्याचं म्हणणं, हे जनावर भारतातलं नाही म्हणजे कायद्याची अडचण नाही. वनरक्षकानं त्याला समजावलं. खोकड तर आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच येतं. माझ्या लहानपणीही तो कायदा होता, आमच्या वस्तीवर फक्त कुणाला ठाऊक नव्हता. आणि फेनेकचं नाव साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. 2022 साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांचीही सरकारकडं रीतसर नोंद करावी लागते. तो कुठून आला याचे कागद लागतात. "मित्राच्या ओळखीचा माणूस कागद देणार आहे का, ते आधी विचार," वनरक्षक म्हणाला. पुतण्यानं विचारलं असावं, कारण दुपारी त्याचं तोंड उतरलेलं होतं.

त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ती माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे.

आमचा माळ आता राहिला नाही. पाणी आलं, ऊस आला, आम्हीही वरची पट्टी उसाखाली आणली. त्या पैशानंच पोरं शिकली, म्हणून उसाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण खोकडं गेली. त्यांना मोकळं गवत लागतं, लांबवर दिसावं लागतं, कोरड्या जमिनीत बीळ लागतं. उसात ती राहत नाहीत. उसात आला तो बिबट्या. आता आमच्या शिरूर तालुक्यात पोरांना अंधारात एकटं सोडत नाहीत.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच उसाला तोड लागली होती. सकाळी टोळीतली एक बाई कोयता टाकून ओरडत आली. सरीत बिबट्याची तीन पिलं होती. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. बघता बघता पन्नास माणूस जमलं. एक पोरगं पिल्लू उचलून फोटो काढायला निघालं. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण लोक सांगतात की मी त्याच्या हातावर फटका मारला आणि ओरडलो, "जितं हाय तितंच ऱ्हाऊ दे!"

वनखात्याची माणसं आली. पिलं तपासली. आमच्याकडं, जुन्नर वनविभागात, त्यांना याची सवय झाली आहे. संध्याकाळी त्यांनी पिलं एका क्रेटमध्ये ठेवून क्रेट नेमक्या त्याच जागी नेऊन ठेवला. शेजारी कॅमेरा लावला. सगळ्यांना लांब काढलं, कुत्री बांधायला लावली. मी त्या रात्री झोपलो नाही. ओसरीवर बसून होतो. आई तेव्हा थकलेली होती. खाटेवरून म्हणाली, "येती का न्हाई बघ." आजीचेच शब्द. तिला ते आठवत होते की सहज तोंडात आले, मी विचारलं नाही.

सकाळी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात दिसलं: मादी आली, बराच वेळ बसून अंदाज घेतला, मग एकेक पिल्लू मानेला धरून उचललं आणि तीन खेपांत सगळी नेली. ते चित्र बघताना मला हुंदका आला. सोबतचे लोक म्हणाले, अण्णा बिबट्यासाठी रडतात.

थंडीत पुतण्याला घेऊन इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला गेलो. तिथं वनखात्यानं गवताळ माळ राखला आहे आणि गाडीतून तो दाखवायची सोय केली आहे. चिंकारा दिसल्या. परतताना उन्हं कलली आणि गाइडनं हात वर केला. वाटेपासून साठ-सत्तर पावलांवर, बिळाच्या तोंडाशी खोकडाची जोडी बसली होती. काटकुळे पाय, शेपटीचं टोक काळं. बेचाळीस वर्षांनी मी त्यांना एवढ्या जवळून बघत होतो.

नकळत माझी जीभ टाळ्याला लागली, पण मी आवाज केला नाही. त्यांनी आमच्याकडं एकदा पाहिलं, मग एक उठलं, अंग ताणलं आणि गवतात निघून गेलं. त्याच्या मागं दुसरं.

गाडी सुरू झाल्यावर पुतण्या म्हणाला, "अण्णा, त्यांचं आता काम सुरू झालं ना?"

"हो," मी म्हणालो. "आता सकाळपर्यंत."